कॉलनीच्या रस्त्यावर चार गतिरोधक टाकले तर अपघात खरंच कमी होतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही जुळे सोलापुरात, विजापूर रोड आणि होटगी रोडच्या मधल्या एका कॉलनीत राहता. समोरचा सहाशे मीटरचा रस्ता गेल्या वर्षी काँक्रीटचा झाला आणि तेव्हापासून तो शॉर्टकट बनलाय. मध्यावर शाळा आहे. सहा महिन्यांत दोन अपघात झाले. एकात शाळेच्या गेटसमोर मुलाचा पाय मोडला, दुसऱ्यात पलीकडच्या टोकाला, वळणावर, दूध आणायला निघालेल्या आजोबांना मोटारसायकलने उडवलं. आता कॉलनीने शाळेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार गतिरोधक मागितलेत, आणि तुम्हाला हे जाणून घ्यायचंय की त्याने जीव वाचतात की नुसत्या कंबरा दुखतात.

मी बावीस वर्षं रस्त्यांच्या कामात आहे. सुरुवातीला ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर होतो, आता शहरातल्या रस्त्यांची डिझाइनं करतो. माझं उत्तर: वेग कमी करणारे उपाय नक्की काम करतात, पण तुम्ही मागितलेली मांडणी तुमचा प्रश्न सोडवणार नाही. कारण तुमचा दुसरा अपघात शाळेपासून अडीचशे मीटरवर झालाय. तिथे मागणीत काहीच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होईल.

आधी मूळ दुखणं बघू. अपघात झाला की आपण सगळे त्या जागेकडे बोट दाखवतो. मी मात्र त्या जागेपाशी गाडी किती वेगात पोचली आणि तो वेग तिने कुठे धरला, हे आधी शोधतो. तुमचा जुना रस्ता खड्ड्यांचा होता, त्यामुळे तिथे वेग आपोआप वीस-पंचवीसच्या आत राहायचा. काँक्रीट झालं, रस्ता सरळ, रुंद आणि गुळगुळीत झाला, आणि रस्त्यानेच चालकाला सांगितलं की जा पळव. पाटीवर ३० लिहिलं तरी माणूस पाटीचं ऐकत नाही, रस्त्याचं ऐकतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ७० आणि दुचाकीला ६० पर्यंत कमाल वेगाची मुभा देण्यात आली. यापेक्षा कमी मर्यादा स्थानिक पातळीवर घालता येते, पण कोणी मुद्दाम घातल्याशिवाय कॉलनीच्या रस्त्यावर ती येत नाही.

३० आणि ५० यांत किती फरक पडतो ते करून बघा. ३० च्या वेगात गाडी सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते, ५० च्या वेगात जवळजवळ १४ मीटर. समोर मूल आलं हे दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. ३० वाला साधारण १४ मीटरच्या आत पूर्ण थांबलेला असतो. त्याच १४ मीटरवर ५० वाल्याचा पाय ब्रेकवर नुकता पोचत असतो. म्हणजे एकाने मुलाला स्पर्शही केला नाही, दुसऱ्याने पूर्ण वेगात धडक दिली, आणि त्या धडकेतली ऊर्जा ३० च्या धडकेपेक्षा पावणेतीन पट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून पाच-सात किलोमीटरचा फरक मला कधीच किरकोळ वाटत नाही.

आता पुरावा. नॉर्वेचे रस्ता सुरक्षा संशोधक रूने एल्विक यांनी २००१ साली ३३ अभ्यास एकत्र करून पाहिलं. संपूर्ण भागात वेग कमी करायचे उपाय केले तर जखमी होण्याचे अपघात सरासरी १५ टक्क्यांनी कमी होतात. वस्तीतल्या रस्त्यांवर २५ टक्क्यांनी आणि मुख्य रस्त्यांवर १० टक्क्यांनी. लंडनमध्ये ताशी २० मैलांचे, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरचे विभाग केले. १९८६ ते २००६ या वीस वर्षांच्या आकड्यांवरून तिथली जीवितहानी आणि जखमींची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटली, आणि अपघात शेजारच्या गल्लीत सरकले असंही आढळलं नाही. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ‘आमच्याकडे टाकलं तर गाड्या बाजूच्या कॉलनीत जातील’ ही भीती रास्त असते. लंडनला तसं झालं नाही, पण तिथे एकट्या रस्त्यावर नव्हे, पूर्ण विभागात काम झालं होतं.

इथे मी थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तुमची दिशाभूल होईल. २००३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात असे १६ अभ्यास तपासले गेले आणि ते सगळे जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधले होते. त्या देशांच्या रस्त्यांवर मुख्यतः कार धावतात. आपल्या रस्त्यांवर दुचाकी. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ लोक गेले, त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे आणि ३२,८२५ पायी चालणारे. या फरकामुळे परदेशातले काही उपाय आपल्याकडे चालतच नाहीत. उदाहरणार्थ, उशीसारखे छोटे उंचवटे, ज्यांवरून बसची चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात आणि कार मात्र आदळते. आपल्याकडे मोटारसायकल दोन उशांच्या फटीतून वेग न सोडता निघून जाते. रस्ता मुद्दाम नागमोडी करण्याचंही तसंच, कारवाला हळू होतो, दुचाकीवाला सरळ रेषा काढतो. असे प्रस्ताव माझ्याकडे येतात, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो: इथून ज्युपिटर कशी जाईल?

पण ‘आपल्यासारख्या देशांत काही चालत नाही’ हेही खरं नाही. घानात आक्रा ते कुमासी या महामार्गावर सुहुम नावाच्या चौकापाशी नुसत्या खडखडणाऱ्या पट्ट्या टाकल्या. अपघात सुमारे ३५ टक्क्यांनी घटले आणि मृत्यू ५५ टक्क्यांनी. तिथली वाहतूक लंडनपेक्षा आपल्या हैदराबाद रोडशी जास्त जुळते.

आता गतिरोधकाच्या आकाराबद्दल. माझ्या मते अर्धं यश-अपयश इथे ठरतं, आणि आपल्याकडे सर्वात जास्त चूकही इथेच होते.

आपल्या डोळ्यांसमोर जो स्पीडब्रेकर असतो तो दीड फूट रुंद, सहा-सात इंच उंच, डांबराचा ढिगारा. त्याचा दोष असा की हळू जाणाऱ्याला तो सर्वात जास्त मारतो. वेगात जाणाऱ्या गाडीचं चाक इतक्या झटक्यात वर-खाली होतं की धक्का बराचसा शॉक अ‍ॅब्सॉर्बरच गिळतो. म्हणजे सावकाश जाणाऱ्या रिक्षातल्या गरोदर बाईला शिक्षा आणि सुसाट जीपवाला मोकळा. १९७३ साली ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी वेगवेगळे आकार चालवून पाहिले आणि लांब, पसरट, कमानीसारखा उंचवटा सुचवला. त्यावर वेग वाढला की त्रास वाढतो, वेग कमी ठेवला की जवळपास काहीच जाणवत नाही. आपल्याकडे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या संहितेत तोच आकार आहे: लांबी ३.७ मीटर, मध्ये उंची १० सेंटिमीटर, वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर, आणि २५ किलोमीटरच्या वेगाने आरामात ओलांडता येईल असा. ३.७ मीटर म्हणजे चालताना पाच मोठी पावलं. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही गतिरोधकावर जाऊन पावलं मोजा.

हे डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही. मी प्लायवूडचा फर्मा कापून घेतो: मध्ये १० सेंटिमीटर, मध्यापासून ९२ सेंटिमीटरवर साडेसात, टोकाला शून्य. सैल माल १२ सेंटिमीटरच्या आसपास टाकायचा, रोलरखाली तो १० वर येतो. मग फर्मा आडवा ठेवून टॉर्चच्या उजेडात खालून फट दिसते का ते बघायचं. एका रात्रीच्या कामावर मुकादम माझ्यावर नाराज झाला होता. म्हणाला, “साहेब, हा तर दिसतच नाही. लोक म्हणतील काम केलंच नाही, पैसे खाल्ले.” मी त्याला त्याच्याच मोटारसायकलवर आधी पंचवीसने आणि मग पंचेचाळीसने जायला सांगितलं. दुसऱ्या फेरीला तो सीटवरून उचलला गेला. परत येऊन फर्मा स्वतःच्या हातात घेतला आणि उरलेले दोन गतिरोधक त्यानेच मापात बसवून घेतले.

चुकीचा गतिरोधक काय करतो तेही मी पाहिलंय. साधारण बारा वर्षांपूर्वी इथल्याच एका पेठेत शाळेसमोर अपघात झाला, लोक रस्त्यावर बसले आणि एका रात्रीत तीन गतिरोधक पडले. आठवड्याने मी टेप घेऊन गेलो. रुंदी ४५ सेंटिमीटर, उंची १७. रंग नाही, पाटी नाही, वरचा दिवा बंद. महिन्याच्या आत मुलाच्या दुचाकीवर मागे आडवी बसलेली एक बाई, मांडीवर भाजीची पिशवी, तिथे खाली पडली. मुलगा काही जोरात नव्हता. त्याला काळ्या रस्त्यावरचा काळा उंचवटा दिसलाच नव्हता. तिच्या डोक्याला लागलं आणि ती पुढे कधीच पूर्ण बरी झाली नाही. तिच्या घरी जाऊन आल्यापासून मी कुठल्याही कामावर सही करताना रंग, चाळीस मीटर आधीची पाटी आणि दिवा हे तिन्ही बघतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पावसाळ्यानंतर पुन्हा मारायची तरतूद त्याच टेंडरमध्ये हवी. पुढच्या वर्षी बघू म्हटलं की ते राहूनच जातं.

तुमच्या रस्त्यावर मी काय करीन ते सांगतो. रस्ता मी पाहिलेला नाही, त्यामुळे उतार, गटारं आणि बसचा मार्ग बघून यात बदल होऊ शकतो.

चार हा आकडा बरोबर आहे, जागा चुकल्यात. चारही शाळेभोवती टाकले तर चालक तेवढ्या शंभर मीटरमध्ये दात-ओठ खात हळू जाईल आणि उरलेल्या पाचशे मीटरमध्ये वेळ भरून काढेल. संहितेत उंचवट्यांच्या मालिकेसाठी शंभर ते एकशेवीस मीटरचं अंतर दिलंय, ते याचसाठी: दोन उंचवट्यांच्या मध्ये गाडीला वेग धरायला जागाच मिळू नये. म्हणून तीन गतिरोधक रस्त्यावर पसरून टाका आणि चौथ्याच्या जागी शाळेच्या गेटसमोर उंच केलेलं सपाट क्रॉसिंग मागा. ते दहा सेंटिमीटर उंच, वरून चार-पाच मीटर सपाट, दोन्ही बाजूंना दीड मीटरचा उतार, वर झेब्रा पट्टे. मुलं फूटपाथच्या पातळीवरून चालत रस्ता ओलांडतात, गाडी त्यांच्या पातळीवर चढून येते आणि चालकाला मूल आधी दिसतं. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मी हे क्रॉसिंग निवडीन.

दुसरं, दोन्ही टोकांची वळणं आवळा. नव्या काँक्रीट रस्त्यांच्या तोंडाशी कडेला ब्लॉक बसवून सगळं सपाट केलेलं असतं, त्यामुळे मुख्य रस्त्यावरून डावीकडे वळणारी गाडी वेग न सोडताच आत शिरते. आजोबांना लागलं ते अशाच वळणावर, असा माझा अंदाज आहे. तिथला कोपरा कर्ब, म्हणजे कडेचे उंच दगड, लावून तीन-चार मीटर त्रिज्येचा केला की गाडीला हळू व्हावंच लागतं, आणि ओलांडायचं अंतरही कमी होतं. कोपरे आवळणं हा आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित उपाय आहे. स्वस्त आहे, कंबर दुखत नाही, रुग्णवाहिका अडत नाही, आणि दुचाकीलाही तो तितकाच लागू पडतो. आधी चुन्याने आखून, वाळू भरलेले ड्रम ठेवून पंधरा दिवस चाचणी घ्या. कचऱ्याची गाडी आणि शाळेची बस वळते का ते कळेल.

कामाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. काँक्रीटवर डांबराचा गतिरोधक नुसता ओतला तर पहिल्या पावसाळ्यातच त्याची पोळी सुटते. खालचं काँक्रीट टाचून खडबडीत करायचं, झाडून टॅक कोट, म्हणजे चिकटण्यासाठी डांबराचा पातळ थर, मारायचा, मगच माल टाकायचा. बोल्टने बसवायचे रबरी तुकडे मी कॉलनीत घेत नाही. तुकडा निघाला की बोल्ट वर उभा राहतो आणि दुचाकीला तो गतिरोधकापेक्षा घातक. आणि गटाराच्या बाजूला पाण्यासाठी वीतभर जागा सोडा, हातभर नको. हातभर सोडली की सगळ्या दुचाक्या तिथूनच जातील आणि कडेने चालणाऱ्यांच्या अंगावर येतील. तेवढ्यासाठी मी एक पूर्ण काम पुन्हा करून घेतलंय.

विरोध करणारे शेजारी चुकीचे नाहीत, त्यांचंही ऐका. प्रत्येक उंचवट्यावर रुग्णवाहिकेचे काही सेकंद जातात, पाठीच्या रुग्णाला त्रास होतो, रात्री रिकाम्या टेम्पोचा खडखडाट होतो. खडखडणाऱ्या पट्ट्या तर मी घरांजवळ कधीच सुचवत नाही. त्या चालकाला जागं करतात, आणि घरात झोपलेल्यांनाही. ज्या रस्त्याने रुग्णालयाकडे गाड्या जातात, तिथे उंचवटे टाळून कोपरे, अरुंद लेन आणि ओलांडणाऱ्याला रस्त्याच्या मधोमध थांबायला जागा यांवर भर द्यावा. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज ज्या मार्गाने ६८ लिंगांना जातात, तिथेही मी उंचवटा सुचवत नाही. इतकी उंच आणि जड काठी तोलून चालणाऱ्याची नजर वर असते, पायाखाली नसते.

विजापूर रोड, होटगी रोड यांच्यावर गतिरोधक मागू नका. तिथे बस, ट्रक आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. भरलेली ट्रॉली उंचवट्यावर उसळली तर मागच्या दुचाकीवाल्याचं काय होईल, याचा विचार करा. राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढायला केंद्रीय मंत्रालयाने २०१६ साली सांगितलंच होतं. मोठ्या रस्त्यावर दुभाजकात ओलांडणाऱ्याला उभं राहायला जागा, दुभाजकातल्या नको तिथल्या फटी बंद करणं, सिग्नल, आणि अतिक्रमण नसलेला किमान १.८ मीटर मोकळा फूटपाथ, हे लागतं. शहरातून जाणाऱ्या जड वाहतुकीचा प्रश्न कुठल्याही उंचवट्याने सुटणारा नाही, तो वेगळा लढा आहे.

आता तुमच्या हातात असलेलं काम. अर्ज देण्याआधी वेग मोजा. रस्त्यावर बरोबर ५० मीटरवर चुन्याच्या दोन रेषा मारा. दोघांनी बाजूला, गाडीवाल्याला दिसणार नाही असं बसायचं आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर शंभर गाड्यांचे सेकंद लिहायचे. १८० ला सेकंदांनी भागलं की वेग मिळतो: ६ सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०. वेगाचे शंभर आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि पंच्याऐंशीवा आकडा वेगळा लिहा. आम्ही त्यालाच त्या रस्त्याचा वेग धरतो. शाळा भरताना, सुटताना आणि रात्री नऊनंतर, असं तीनदा मोजा. शाळेसमोर एकदा आणि वळणाजवळ एकदा.

अपघात मोजण्यापेक्षा मी वेग मोजायला सांगतो, त्याला कारण आहे. एका कॉलनीत वर्षाला दोन-तीन अपघात होतात. वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा आपोआपच बरं जातं, मग काही केलेलं असो वा नसो. त्यामुळे ‘गतिरोधक टाकले आणि अपघात थांबले’ किंवा ‘टाकूनही एक झालाच’ ही दोन्ही वाक्यं तुमच्या एका रस्त्याबद्दल काहीच सिद्ध करत नाहीत. पंच्याऐंशीवा आकडा ४८ वरून ३० वर आला, तर मात्र काम झालं असं मी खात्रीने म्हणेन, आणि हे तीन महिन्यांत कळतं.

अर्ज महापालिकेच्या झोन कार्यालयात द्या, प्रत शहर वाहतूक शाखेला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. त्यात ‘चार गतिरोधक’ असं न लिहिता ‘इंडियन रोड्स काँग्रेस ९९ प्रमाणे’ हे शब्द आणि मापं लिहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९८ अ रस्त्याच्या डिझाइनच्या मानकांकडे दुर्लक्ष झाल्यास जबाबदारी ठरवतं, दंड एक लाखापर्यंत आहे. मापं कागदावर असली की ठेकेदारही टेप काढतो. मोजलेले आकडे, रस्त्याची रुंदी आणि दोन्ही टोकांचे फोटो मला पाठवा. क्रॉसिंग नेमकं गेटसमोर घ्यायचं की गटाराच्या चेंबरमुळे चार मीटर पुढे, ते मी नकाशावर आखून देतो.